एका अक्षराचे अंतर

इंग्रजी भाषेत दोन शब्द आहेत. एक ‘बर्डर’ आणि दुसरा ‘गर्डर’. पहिल्याचा अर्थ पक्षिनिरीक्षक, म्हणजे रानोमाळ हिंडून पाखरे न्याहाळणारा मनुष्य. दुसऱ्याचा अर्थ पुलाचा किंवा इमारतीचा भार अंगावर पेलणारी मोठी तुळई. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द सहा अक्षरांचे होतात आणि त्यांपैकी पाच अक्षरे त्याच क्रमाने जशीच्या तशी येतात. फरक काय तो पहिल्या अक्षराचा. आणि तीही दोन अक्षरे अशी की, दोघांनाही वाटोळे पोट आणि एक काठी. एकाची काठी वर गेलेली, दुसऱ्याची खाली उतरलेली. घाईने वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी पक्षिनिरीक्षकाला पुलाखाली नेऊन आडवे घालावे किंवा तुळईच्या गळ्यात दुर्बीण अडकवावी, यात नवल नाही.

मनुष्य वाचतो तेव्हा तो एकेक अक्षर लावीत बसत नाही. शब्दाची एकंदर आकृती त्याच्या ओळखीची असते आणि ती दिसताच मन पुढे धावते. म्हणूनच मुद्रिते तपासणाऱ्याला डोळ्यांना वेसण घालून वाचावे लागते. नागरी लिपीत ब आणि ग यांचा घोटाळा होत नाही, म्हणून बर्डर आणि गर्डर नागरीत लिहिले तर ही अडचण बरीचशी सरते. परंतु नागरीचेही स्वतःचे सापळे आहेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही अक्षरे एकमेकांची सोंगे घेऊन वावरतात. ‘घन’ आणि ‘धन’ यांत केवढे अंतर आहे ते पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे!

अक्षराच्या अशा फेराने काय अनर्थ होऊ शकतो, याची एक कथा महाराष्ट्राने म्हणीसारखी जपून ठेवली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. नारायणरावांस ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता. त्यातील ‘ध’चा ‘मा’ करून तो ‘मारावे’ असा झाला, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचे अभ्यासक तिच्या प्रामाण्याविषयी साशंक आहेत. तरीही ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत रुजला, तो केवळ एका राजवाड्यातील कारस्थानाची आठवण म्हणून नव्हे. एक अक्षर ही किती जोखमीची वस्तू आहे, हे सामान्य मराठी माणसाला त्यातून कायमचे उमगले.

बर्डर आणि गर्डर यांच्या दिसण्यातील साम्य वरवरचे आहे. तथापि त्यांची कुळे शोधू गेल्यास मनोरंजक गोष्टी हाती लागतात. दोन्ही शब्दांच्या अंती एकच प्रत्यय आहे. क्रिया करणारा तो कर्ता, एवढेच त्या प्रत्ययाचे सांगणे. कर्ता मनुष्य आहे की वस्तू आहे, याची पर्वा तो करीत नाही. मराठीतही असेच घडते. एसटीच्या गाडीत तिकीट देणारा तो वाहक आणि वीज वाहून नेणारी तांब्याची तार तीही वाहकच. त्याच न्यायाने इंग्रजीत पाखरांमागे जाणारा माणूस बर्डर झाला आणि बांधून धरणारी तुळई गर्डर झाली.

‘बर्ड’ या मूळ शब्दाची कथा तर अक्षरांच्या उलटापालटीचीच आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘ब्रिड’ असा होता. लोकांच्या तोंडी र आणि त्याच्या पुढचा स्वर यांनी जागा बदलल्या आणि ‘बर्ड’ झाला. व्याकरणकार याला वर्णविपर्यय म्हणतात. वाराणसीचे बनारस झाले आणि कोणी चिकटण्याला चिटकणे म्हणतो, तो याच जातीचा प्रकार. शिवाय जुन्या काळी या शब्दाचा अर्थ पक्षी असा नव्हता. तो होता पक्ष्याचे पिल्लू. सर्वसामान्य पक्ष्यासाठी वेगळा शब्द होता, आणि तो आज ‘फाउल’ या रूपाने कोंबडीच्या खुराड्यात जाऊन बसला आहे. पिल्लाचा शब्द मोठा होऊन साऱ्या आकाशाचा धनी झाला आणि आकाशाचा जुना धनी अंगणात उतरला. आपल्याकडे ‘मृग’ या शब्दाचे असेच झाले. संस्कृतात मृग म्हणजे कोणतेही रानटी जनावर; म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात. पुढे तो शब्द हरणापुरता उरला. योगायोग असा की, हरणाला इंग्रजीत ‘डिअर’ म्हणतात तोही शब्द पूर्वी सरसकट जनावराचा वाचक होता. दोन दूरच्या भाषा एकाच वळणावर एकाच बाजूला वळाल्या.

बर्डर या शब्दाने तर अर्थाचे पारडेच फिरवले. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत त्याचा अर्थ होता पाखरे धरणारा, म्हणजे आपला पारधी. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ या नाटकात ‘बर्डिंग’ला निघण्याच्या गोष्टी होतात, तेव्हा त्या गृहस्थांच्या मनात निरीक्षणाचा विचार मुळीच नसतो; ससाणा घेऊन शिकारीला जाण्याचा बेत असतो. पाखरू पाहावे ते मारण्यासाठी, अशी ती समजूत होती. एकोणिसाव्या शतकातील मोठमोठे पक्षिशास्त्रज्ञही बंदूक घेऊनच अभ्यास करीत. पक्षी हाती आल्यावाचून त्याची ओळख पटत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे याच परंपरेतले. मुलकी खात्याची नोकरी सांभाळून त्यांनी सुमारे ८०,००० पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्रह केला आणि तो १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

पाहणे आणि मारणे यांची फारकत करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांपैकी एडमंड सेलूस हे एक. ते स्वतः आरंभी पक्षी मारून जमवीत असत. पुढे त्यांना त्याचा वीट आला. १९०१ साली त्यांनी ‘बर्ड वॉचिंग’ या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि नुसते पाहणे हाही एक व्यासंग होऊ शकतो, हे लोकांना पटू लागले. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बर्डर या जुन्याच शब्दाने हा नवा अर्थ धारण केला. फासे टाकणाऱ्याचे नाव दुर्बीण लावणाऱ्याला मिळाले. शब्दाचे एक अक्षरही बदलले नाही. बदलला तो माणूस.

भारतीय वाचकाला हे स्थित्यंतर सर्वस्वी अपरिचित नाही. रामायणाच्या आरंभी तमसेच्या तीरावर क्रौंच पक्ष्यांचे जोडपे रममाण झाले आहे. एकीकडून निषाद त्याला पाहतो आहे आणि दुसरीकडून वाल्मीकी. पाखरू तेच, नदी तीच, घटकाही तीच. एकाच्या पाहण्यातून बाण सुटतो आणि दुसऱ्याच्या पाहण्यातून श्लोक. बर्डर या शब्दाचा जुना आणि नवा अर्थ त्या एकाच प्रसंगात समोरासमोर उभे आहेत.

मुंबईच्या सालिम अलींच्या बालपणी हेच नाट्य लहान प्रमाणात घडले. छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. नेहमीची चिमणीच ती. परंतु तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. दुसऱ्या कोणा मुलाने ‘चिमणीच तर आहे’ म्हणून ती टाकून दिली असती. या मुलाला तो ठिपका स्वस्थ बसू देईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले, तेथील सचिव मिलर्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यापुढे उघडली. १८९६ साली जन्मलेल्या या मुलाने १९८७ पर्यंतच्या आपल्या दीर्घ आयुष्यात भारताला पक्षी पाहावयास शिकवले. त्या साऱ्याचे मूळ एका ठिपक्यात आहे. दोन वस्तू सारख्या दिसल्या की त्या एकच, असे मानावयास त्याने नकार दिला.

पक्षिनिरीक्षकाचा सारा व्यासंग या नकारावर उभा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातील सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने झाडाच्या शेंड्याशी वळवळणारे, हिरवट रंगाचे, जवळजवळ एकरूप असे लहानसे पक्षी केवळ आवाजावरून ओळखले आणि ही एक जात नसून तीन जाती आहेत, असे दाखवून दिले. डोळ्यांनी दिलेला निकाल कानांनी फिरवला.

परंतु दिसण्यातील साम्याला लबाडीची जोड मिळाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. पिंगळा हा आपल्या गावाकडचा ओळखीचा पक्षी. त्याचा एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर ते जवळजवळ नसतात आणि त्याची चोच व पाय अधिक दणकट असतात. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा खरा नमुना मिळाला आणि त्यानंतर तो पक्षी जणू नाहीसा झाला. त्याचा शोध घेणाऱ्यांत सालिम अलीही होते. पण तो कोणाला सापडला नाही. याला एक कारण होते. कर्नल माइनर्ट्‌झहागन या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण तो मिळवल्याची चिठ्ठी एका नमुन्याला लावली होती आणि शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून चालले होते. पुढे पामेला रासमुसेन या विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असून त्याला नव्याने पेंढा भरून खोटी चिठ्ठी बांधली आहे, असे निष्पन्न झाले. ती चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात, दिवसाउजेडी, रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्याला तेव्हा ११३ वर्षे झाली होती. पुढे मेळघाटातही त्याची वस्ती आढळली. पक्षी आपल्या जागीच होता. भटकत होती ती माणसे, एका खोट्या ओळीच्या मागे.

आता गर्डरकडे वळावे. ‘गर्ड’ या इंग्रजी धातूचा अर्थ वेढणे, कमरेला बांधणे असा आहे. कमरपट्ट्याला ‘गर्डल’ म्हणतात तो त्याच घरचा शब्द. जुन्या लाकडी घरांत जमिनीच्या लहान तुळयांना एकत्र बांधून त्यांचा भार भिंतींवर पोचवणारी जी मुख्य तुळई, तिला सतराव्या शतकाच्या आरंभी गर्डर हे नाव पडलेले दिसते. पुढे लोखंड आले, रेल्वे आली आणि ते नाव घरातून निघून नदीवर जाऊन पोचले.

तुळईचे काम बाहेरून पाहता अगदी निश्चल भासते. आतून मात्र तिच्यात सतत झुंज चाललेली असते. ओढ्यावर टाकलेल्या फळीच्या मधोमध माणूस उभा राहिला की फळी किंचित वाकते. तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला भाग जवळजवळ स्वस्थ असतो. म्हणून लोखंडी गर्डरात धातू वर आणि खाली जास्त ठेवतात आणि मध्ये एक पातळ उभा पत्रा पुरतो. रोमन लिपीतील ‘आय’ या अक्षरासारखा त्याचा जो आकार असतो, त्याचे मर्म हे. फळी कशी ठेवली यालाही तितकेच महत्त्व आहे. रुंदी जाडीच्या चौपट असलेली फळी आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवली, तर तीच फळी चौपट भार सोसते आणि पूर्वीच्या सोळाव्या हिश्शानेच वाकते. लाकूड तेच, वजन तेच. अंतर पडले ते केवळ ठेवण्यात.

आणि येथेही दिसण्यातील साम्याने माणसांचे बळी घेतले आहेत. बिडाचे ओतीव लोखंड आणि घडीव लोखंड यांचे गर्डर रंग दिल्यावर सामान्य माणसाला सारखेच दिसतात. परंतु बीड दाब उत्तम सोसते आणि ताण मात्र सोसत नाही. वाकून इशारा न देता ते एकाएकी तुटते. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडातील चेस्टर येथे डी नदीवरील नव्या रेल्वे पुलाचा बिडाचा गर्डर गाडी जात असता तुटला आणि ५ माणसे दगावली. पुलाचे रचनाकार होते रॉबर्ट स्टीफन्सन, त्या काळचे अत्यंत नामवंत अभियंते. या अपघातानंतर रेल्वेच्या बांधकामांतील लोखंडाच्या उपयोगाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमण्यात आला आणि त्याने १८४९ मध्ये अहवाल दिला. स्टीफन्सन यांनीही मेनाई सामुद्रधुनीवर जो ब्रिटानिया पूल बांधला, तो घडीव लोखंडाच्या प्रचंड नळ्यांचा. १८५० मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. आपल्याकडे ‘घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात’ अशी म्हण आहे. स्थापत्याच्या शास्त्रात ती उलटी वाचावी लागते. तेथे आधी वासा फिरतो, मग घर.

म्हणजे पक्षिनिरीक्षक आणि पूल बांधणारा यांच्यापुढचा प्रश्न अखेर एकच आहे. समोर आलेली वस्तू ओळखीच्या वस्तूसारखी दिसते. पण ती तीच आहे काय? पहिल्याचे उत्तर चुकले तर ज्ञानाची हानी होते, दुसऱ्याचे चुकले तर जीवाची.

या दोन शब्दांच्या कुळकथेत एक गंमत मात्र अजून उरली आहे. बर्डर आणि गर्डर इतके सारखे दिसतात, पण त्यांचे परस्परांशी रक्ताचे नाते नाही. उलट गर्डरचे खरे नातेवाईक भलतीकडेच निघतात. वेढणे, कुंपण घालणे या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूपासून ‘गर्ड’ आला, त्याच धातूपासून इंग्रजीतील ‘गार्डन’ म्हणजे कुंपणातील बाग, रशियन नगरनामांतील व्होल्गोग्राडसारखा ‘ग्राड’ आणि संस्कृतातील ‘गृह’ हे शब्द निघाले, असे तौलनिक भाषाशास्त्राचे अभ्यासक मानतात. आणि गृहापासून प्राकृतातून मराठीत आले ते ‘घर’. ज्याच्याशी चेहरा जुळतो तो बर्डर परका आणि ज्याच्याशी वरवर पाहता काहीच जुळत नाही ते आपले घर गर्डरचे भाऊबंद!

मग पाखरू आणि घर यांची गाठ शब्दांत कोठेच पडत नाही काय? इंग्रजीत पडत नसेल, मराठीत पडते. कौलारू घराच्या छपराला दोन उतार असतात. त्या प्रत्येक उताराला आपल्याकडे ‘पाखे’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘पक्ष’ म्हणजे पंख किंवा बाजू यापासून आला, आणि ‘पाखरू’ही त्याच ‘पक्ष’च्या कुळातले. ज्या कोणा पूर्वजाने आढ्यापासून दोहों बाजूंना उतरत गेलेले छप्पर प्रथम पाखे म्हणून ओळखले, त्याने घराकडे पंख पसरून बसलेल्या पक्षिणीसारखे पाहिले असले पाहिजे. इंग्रजीतील साम्य डोळ्यांचा भ्रम आहे. मराठीतील हे नाते पाहणाऱ्याच्या दृष्टीतून जन्मलेले आहे.

भाषेबाहेरच्या जगात तर या दोघांची भेट नित्य घडत असते. नदीवरच्या पुलाखाली पाण्याच्या कडेला उभे राहून वर पाहावे. गर्डरांच्या सांध्यांत आणि कोपऱ्यांत भिंगऱ्यांनी चिखलाच्या इवल्या गोळ्यांची वाटीसारखी घरटी चिकटवलेली दिसतात. कोठे पाकोळ्यांची वसाहत असते. वरून गाडी धडधडत जाते. तुळई दाब आणि ताण यांचा आपला हिशेब मुकाट्याने पुरा करते, आणि कंप थांबताच भिंगरी पुन्हा पिल्लांच्या चोचीत किडा ठेवण्यास परतते. खाली कोणी पक्षिनिरीक्षक दुर्बीण लावून ती भिंगरी कोणत्या जातीची, हे ठरवीत असतो. शेपटीतून निघालेल्या दोन तारांसारख्या पिसांनी ती तारवाली भिंगरी ठरते. घाईने पाहणाऱ्याच्या नजरेतून तीच पिसे निसटून जातात.

शब्द वाचणाऱ्याने, पाखरू पाहणाऱ्याने आणि पूल बांधणाऱ्याने थोडे थांबावे. ओळख पटल्यासारखी वाटते त्या क्षणी आणखी एकवार पाहावे. ‘ध’ आहे की ‘मा’ आहे, ठिपका आहे की नाही, बीड आहे की घडीव लोखंड, हे त्या दुसऱ्या पाहण्यातच कळते.